स्पीकरची वायर: चंदगडच्या पावसातले अनुभवाचे बोल

चंदगडात घरी स्टिरिओ लावायचा म्हटलं की सामानासाठी बेळगाव गाठावं लागतं. कोल्हापूर त्याहून बरंच लांब. शिनोळीवरून गेलेला माणूस ॲम्प्लिफायर पारखून घेतो, स्पीकर वाजवून बघतो आणि निघताना दुकानदार देईल ती वायर पिशवीत टाकून परत येतो. दुसऱ्या टोकाला मुंबई-पुण्यात राहणारी आमचीच काही मंडळी आहेत. ती वायरीवर इतका खर्च करतात की तेवढ्यात स्पीकरची आणखी एक जोडी आली असती. मी गेली कित्येक वर्षं स्वतःच्या घरी आणि शेजारपाजारी सिस्टीम जोडत आलो आहे. त्यातून माझं मत असं झालंय की वायरीच्या निवडीतला मोठा भाग साध्या हिशेबाचा आहे आणि उरलेला भाग आपल्याकडं पाऊस ठरवतो. कंपनीचं नाव त्यानंतर येतं.

१. सुतळीनं मोजल्याशिवाय दुकानात जाऊ नये

ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंतचं सरळ अंतर म्हणजे वायरीची लांबी नव्हे. आपल्या जुन्या कौलारू घरांत सोप्यातली वायर भिंतीनं वर चढते, तुळईवरून पलीकडं जाते आणि पुन्हा खाली उतरते. डोळ्यांना दहा फूट दिसणारं अंतर बघता बघता पंचवीस फुटांवर जातं. म्हणून वायर जशी जाणार तशीच सुतळी लावून बघावी, मग ती सुतळी मोजावी. स्पीकर पुढंमागं सरकवायला दोन हात जास्त धरावेत.

लांबी कशाला हवी, तर तांब्याची तारसुद्धा प्रवाहाला थोडी अडवते. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या एका मीटरचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. प्रवाह एका तारेनं जातो आणि दुसरीनं परत येतो, म्हणून हिशेबात लांबी दुप्पट धरायची. मॅकिंटॉश या अमेरिकी कंपनीत ध्वनिसंशोधनाचं काम पाहिलेल्या रॉजर रसेल यांनी एक सोपी मर्यादा सांगितली आहे: जाण्यायेण्याच्या वायरीचा मिळून रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी असावा. स्पीकर ८ ओहमचा असेल तर ०.४ ओहमपर्यंत चालतं. तेवढ्या रोधानं आवाजात होणारी घट अर्ध्या डेसिबलपेक्षा कमी असते.

हा हिशेब वायरीच्या प्रमाणित आकड्यांवर बसवून बघितला तेव्हा मला एक गोष्ट फार आवडली. ८ ओहमच्या स्पीकरला जितके चौरस एमएम, त्याच्या दहापट मीटर लांबी चालते. १ ची वायर १० मीटरपर्यंत, दीडची १५ पर्यंत, अडीचची २५ पर्यंत आणि ४ ची ४० पर्यंत. कागद-पेन्सिल लागत नाही. दुकानात उभ्या उभ्या सांगता येतं. आपल्या गावातल्या बहुतेक घरांत एका बाजूची वायर दहाबारा मीटरच्या पुढं जात नाही. अडीचची घेतली की हिशेब अर्ध्यावरच संपतो.

२. स्पीकरच्या पाठीवरचा आकडा वाचावा

पाठीमागच्या पट्टीवर ४, ६ किंवा ८ ओहम लिहिलेलं असतं. ४ ओहम असेल तर वरची लांबी निम्मी करायची: अडीचची वायर साडेबारा मीटरपर्यंत. कारच्या स्पीकरपासून घरी पेट्या बनवून घेतलेल्या मी इकडं बऱ्याच बघितल्या आहेत, ते स्पीकर बहुतेक ४ ओहमचे असतात. तिथं बारीक वायर अजिबात वापरू नये.

वायरीनं आवाज बदलतो की नाही, या वादाचं उत्तर याच आकड्यात आहे. पट्टीवर ८ लिहिलं असलं तरी तो आकडा स्थिर नसतो. खर्जातल्या एखाद्या स्वराला तो २०-३० ओहमवर चढतो, दुसरीकडं ६ च्या आसपास उतरतो. वायर बारीक आणि लांब असली की जिथं ओहम कमी तिथं घट जास्त होते, जिथं जास्त तिथं कमी. म्हणजे काही सूर दबतात, काही तसेच राहतात, आणि आवाजाचा पोतच थोडा बदलतो. वायर आवाज बदलते ती अशी. पुरेशी जाड वायर घातली की हा फरक कानाला कळण्याच्या खाली जातो. त्यापुढं जाडी कितीही वाढवली तरी ऐकू येण्यासारखं काही उरत नाही. स्पीकरच्या आत चुंबकात हलणारं वेटोळं असतं, त्याच्याच बारीक तारेचा रोध ६ ओहमच्या आसपास असतो. ती तार आपल्याला बदलता येत नाही.

३. देवळातल्या भोंग्याचा दाखला घरी लावू नये

हा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्याकडं प्रत्येक जण तो काढतो. ‘‘रवळनाथाच्या जत्रेत पार रस्त्यापर्यंत भोंगे लावतात, वायर बघशील तर दोऱ्यासारखी. मग घरात एवढी जाड कशाला?’’ प्रश्न रास्त आहे आणि त्याला नेमकं उत्तर आहे.

सार्वजनिक कार्यक्रमाचे ॲम्प्लिफायर लांबच्या भोंग्यांना १०० व्होल्टच्या लाईनवर आवाज पाठवतात. प्रत्येक भोंग्याला एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो ते व्होल्टेज पुन्हा खाली आणतो. ५० वॅट पाठवायचे तर १०० व्होल्टवर अर्धा ॲम्पिअर प्रवाह पुरतो. घरचा ॲम्प्लिफायर तेच ५० वॅट ८ ओहमच्या स्पीकरला देतो तेव्हा व्होल्टेज फक्त २० असतं आणि प्रवाह अडीच ॲम्पिअर. प्रवाह पाचपट. तारेत उष्णतेच्या रूपानं वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून त्याच तारेत घट पंचवीसपट होते. वीज मंडळ डोंगर ओलांडून वीज आणताना व्होल्टेज चढवतं ते याच कारणानं.

भजनी मंडळाचा सेट लावणाऱ्या पोरांना हे एकदा नीट समजावलं की त्यांच्याही कामाला येतं. ॲम्प्लिफायरच्या मागं ४, ८, १६ ओहम आणि ७०, १०० व्होल्ट असे वेगवेगळे खुंट का दिलेत, ते कळतं. घरचा ८ ओहमचा स्पीकर १०० व्होल्टच्या खुंटाला थेट जोडला तर आतलं वेटोळं जळायला वेळ लागत नाही.

४. घरच्या वायरिंगची तांब्याची वायर चालते

चालते म्हणजे उत्तम चालते. लाल आणि काळी अशा दोन अडीचच्या लवचीक वायरी घ्याव्यात, एकमेकींवर सैलसर पीळ द्यावा, झालं. वायरीवर आयएस ६९४ छापलेलं आहे ना, एवढं बघावं. पीव्हीसी वेष्टणाच्या वायरींचं ते भारतीय मानक आहे. त्यासोबतच्या तांब्याच्या मानकानुसार अडीचच्या लवचीक वायरीचा रोध किलोमीटरला ७.९८ ओहमपेक्षा जास्त असू शकत नाही. वर सांगितलेला दहापटीचा हिशेब अशाच आकड्यांवर उभा आहे. पुण्याची फिनोलेक्स १९५८ पासून वायरी बनवते, बाकीच्याही चांगल्या कंपन्या आहेत, आणि यातली कुठली ना कुठली वायर चंदगडच्या बाजारात मिळते. त्यासाठी कुठं जायला नको.

जुने रेडिओ दुरुस्त करणारे अजून १४/७६, २३/७६, ४०/७६ असं बोलतात. पहिला आकडा तारांच्या संख्येचा, दुसरा त्यांच्या जाडीचा: ०.००७६ इंच. ४०/७६ म्हणजे साधारण १.१७ चौरस मिलिमीटर. सहा मीटर लांबीला ती ठीक आहे. १४/७६ जेमतेम ०.४ भरते. सहा मीटरला तिचा जाण्यायेण्याचा रोध अर्ध्या ओहमवर जातो. तिला रेडिओतच राहू द्यावं. परदेशी पुडक्यांवर १२, १४, १६ गेज लिहिलेलं असतं, तिथं आकडा वाढेल तशी तार बारीक होते. १४ गेजची २ चौरस मिलिमीटरच्या थोडी वर, १६ ची १.३ च्या आसपास.

५. वजन करून तांबं ओळखावं

स्वस्त, दिसायला गलेलठ्ठ, पारदर्शक वेष्टणाची ‘स्पीकर वायर’ म्हणून जी विकतात, तिच्यात पुष्कळदा वरून तांब्याचा पातळ थर दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ॲल्युमिनियम वीज वाहतं, पण तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे ६० टक्के. शिवाय वाकवलं की तुटतं आणि खुंटाखाली दाबलं की काही दिवसांनी सैल पडतं. आपल्या दमट हवेत तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आलं की कापलेल्या टोकाला गंज लवकर धरतो. मी ही वायर कुणाच्या घरात लावत नाही.

ओळखायचं सोपं आहे. तारेचा एक केस चाकूनं खरवडला की आतून पांढरी निघते. सोललेला केस लायटरच्या ज्योतीत धरला की ॲल्युमिनियम वितळून लोळतं, तांबं लाल होऊन तसंच राहतं. आणि वजन: अडीचच्या १० मीटर दुहेरी वायरीत नुसतं तांबंच साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतं, मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम दोनशेच्या आत. गुंडाळी हातात घेतली की फरक कळतो. एका तारेचा रंग चांदीसारखा आणि दुसरीचा तांब्यासारखा असला म्हणून मात्र लगेच शंका घेऊ नये. तांब्याच्या तारेला कथिल लावलेलं असू शकतं, तेही खरवडून बघितलं की समजतं.

६. चंदगडात वायरीपेक्षा टोकं सांभाळावी लागतात

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हे. पुण्या-मुंबईत बसून लिहिलेल्या सल्ल्यांमध्ये हे येत नाही, कारण तिकडच्या घरांत पावसाळाभर भिंतीला इतकी ओल फुटत नाही. आंबोलीला पडणारा पाऊस आपल्या शेजारचाच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथं कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तर उघड्या तांब्याचं काय होत असेल?

तांब्याच्या भांड्याला कल्हई नसली की आंबट पदार्थानं ते कळकतं, तसं वायरीचं उघडं टोक ओल्या हवेनं आधी काळपटतं, मग हिरवं पडतं. तो थर वीज नीट वाहत नाही. पारदर्शक वेष्टणात तर हिरवेपणा आतल्या आत काही अंतरापर्यंत पसरलेला दिसतो. वायरीच्या मधल्या लांबीत त्याचा फारसा उपद्रव नसतो, कारण तारेचा गाभा शाबूत असतो. उपद्रव होतो तो जोडावर. तिथं प्रवाहाला पृष्ठभागावरूनच पुढं जायचं असतं.

त्यात आपल्याकडची आणखी एक तऱ्हा. मुंबईला राहणारी मंडळी चांगली सिस्टीम गावी आणून ठेवतात, मे महिना संपला की घर बंद, ते थेट गणपतीला उघडतं. सिस्टीम सुरू करावी तर डावीकडून आवाज येत नाही, किंवा खरखर येते, किंवा हात लावला की येतो आणि सोडला की जातो. मग स्पीकर गेला, ॲम्प्लिफायर गेला असा निष्कर्ष निघतो आणि दुरुस्तीसाठी गाडीत सामान चढतं. मी अशा वेळी आधी खुंट उघडतो. बहुतेकदा वीतभर वायर कापून नवं टोक सोललं की आवाज येतो.

म्हणून माझे नियम असे. दोन्ही टोकांना वीतभर वायर जास्त ठेवायची, म्हणजे दरवर्षी दोन सेंटिमीटर कापून ताजं तांबं काढता येतं. सोललेल्या तारांवर कथिलाचा मुलामा असलेली पिन लग दाबयंत्रानं घट्ट बसवायची. पक्कडीनं चेपून भागत नाही, आत हवा राहते. टोकाला सोल्डर लावून ते स्क्रूखाली दाबायचं नाही, कारण सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि जोड ढिला होतो. खुंट पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीत एकदा सोडवून, पुसून पुन्हा आवळायचे. सोन्याचा मुलामा दिलेल्या बनाना पिनांनी आवाज सुधारत नाही, पण सोनं गंजत नाही, त्यामुळं आपल्या हवेत त्यांना दिलेले पैसे मी वाया गेलेले समजत नाही.

साध्या ॲम्प्लिफायरना दाबून उघडायच्या स्प्रिंगच्या खाचा असतात. त्यांत अडीचची वायर नीट शिरत नाही. म्हणून काही जण तारेचे निम्मे केस कापून टाकतात. तसं करू नये, बारीक पिन लावावी. सुटलेला एक केस शेजारच्या खाचेला टेकला तरी शॉर्ट होऊन आतली आयसी जाऊ शकते. टीडीए २०३० या आयसीवर असेंबल केलेल्या ॲम्प्लिफायरला निदान आतून संरक्षण असतं, जुन्या कित्येक सेटांना तेही नसतं.

७. लाल ते लाल, काळं ते काळं, आणि तरीही तपासून घ्यावं

दोनपैकी एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या की एकाचा पडदा पुढं येतो तेव्हा दुसऱ्याचा मागं जातो. खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. तबल्याचा डग्गा पोकळ वाजतो, पखवाजाला वजन राहत नाही, आणि गाणारा समोर कुठं बसलाय ते कळत नाही. महागडी वायर लावूनही असं ऐकणारी घरं मी बघितली आहेत.

तपासायला मोनो ध्वनिमुद्रण लावावं. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरची जुनी गाणी त्याला फार चांगली. ती मोनोच आहेत. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसलं की आवाज मधोमध, एका जागेवरून यायला हवा. तो दोन्ही बाजूंना फाटल्यासारखा, डोक्याभोवती फिरल्यासारखा वाटला तर एका बाजूच्या तारा उलट करून बघावं. घरी बनवलेल्या पेटीत आतली जोडणीच उलटी असते कधी. त्यासाठी ॲम्प्लिफायरपासून सोडवलेल्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. सेलचं अधिक टोक लाल खुंटाला लागताच पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर.

८. तीन गोष्टींवर पैसे आणि वेळ घालवू नये

डाव्या-उजव्या वायरीची लांबी अगदी सारखी असण्याची गरज नाही. अडीचच्या वायरीत पाच मीटरचा फरक म्हणजे ०.०८ ओहम. उरलेली वायर गुंडाळून ठेवली तरी चालते. जाणारा आणि येणारा प्रवाह शेजारी असल्यामुळं दोघांचं चुंबकत्व एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतं.

वायरीवर छापलेल्या बाणाची दिशा पाळण्यात अर्थ नाही, कारण स्पीकरकडं जाणारा प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलत असतो. ‘ऑक्सिजनमुक्त तांबं’ खरंच वेगळं असतं, पण नेहमीच्या विजेच्या तांब्यापेक्षा त्याची वाहकता जेमतेम एखाद्या टक्क्यानं जास्त. तेवढा फरक वायर अर्धा हात कमी केली तरी निघतो.

९. हूं आवाजाचा दोष स्पीकरच्या वायरीला देऊ नये

सिस्टीममधून सतत हूं येत असेल तर कारण बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये किंवा टीव्ही, प्लेअरकडून ॲम्प्लिफायरला येणाऱ्या बारीक पिनच्या वायरीत असतं. तिथला संकेत नाजूक असतो आणि पुढं तो कितीतरी पटींनी मोठा होतो. स्पीकरच्या वायरीत आलेला गुणगुणाट पुढं कुणी मोठा करत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घातलेला असतो, पण एप्रिल-मेमध्ये तो कोरडा पडतो. आधी त्यात बादलीभर पाणी ओतून बघावं. वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडायला लागलं की मुख्य प्लग काढावा, अँटेनाची वायरही.

१०. उंदीर

माळ्यावर भात आणि काजूच्या बिया ठेवलेल्या घरात उंदीर असणारच, आणि तुळईवरची उघडी वायर ते सोडत नाहीत. वेष्टण कुरतडून दोन तारा टेकल्या की पुन्हा शॉर्ट. केसिंग पट्टी किंवा पाईप घालावा. त्याचा खर्च वायरीच्या हिशेबात धरावा.

११. ऐकून ठरवायचं असेल तर डोळ्यांना बाजूला ठेवावं

कुणी म्हणालं की नव्या वायरीनं स्वर उघडले, तर मी वाद घालत नाही, ऐकायला बसवतो. आवाजाची पातळी दोन्ही वेळा अगदी तीच, गाणं तेच, वायर बदलणारा तिसराच माणूस, आणि त्यानं कुठली लावली ते सांगायचं नाही. ऐकणाऱ्यानं दर वेळी चिठ्ठीवर लिहायचं. बदलताना पाच-दहा मिनिटं जाऊ देऊ नयेत, कानांची आठवण फार थोडी असते. अमेरिकेतले जादूगार जेम्स रँडी यांनी २००७ मध्ये महागडी वायर निव्वळ ऐकून ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. ते बक्षीस कुणीही नेलं नाही.

आमच्या सोप्यातही एका गणपतीत ही परीक्षा झाली. मुंबईच्या एका मित्रानं परदेशी वायर आणली होती, मी बाजारातली अडीचची लावली, आणि तिसरी म्हणून मुद्दाम लांबलचक १४/७६ घेतली. १४/७६ सगळ्यांना कळली. ती लागली की डग्गा सैल व्हायचा, पोरांनीही बरोबर ओळखलं. उरलेल्या दोघींमध्ये चिठ्ठ्या काही केल्या जुळल्या नाहीत, मित्राच्या स्वतःच्याही नाहीत. त्यानं आपली वायर परत मुंबईला नेली आणि जाताना बाजारातून त्याच्या गावच्या घरासाठी अडीचची लाल-काळी जोडी कापून घेतली.